गवत झटकून द्यावं

९ नोव्हेंबर

वहिनी,

नीट पोचले. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी आहोत आणि खिडकी एकच, तीही तिसरीच्या वाट्याला. फोन वॉर्डनबाईंच्या टेबलावर आहे आणि त्या समोर बसून शब्दन्‌शब्द ऐकतात, म्हणून लिहिते आहे. शिवाय मला तुझ्याकडून जे हवंय ते फोनवरून पाठवता येणार नाही.

प्राण्यांच्या दवाखान्यातलं काम मनासारखं आहे. मी नोंदवहीवर बसते. कोणता प्राणी, काय होतंय, घरी काय खातो, सगळं विचारून लिहायचं. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की इथे येणारे बहुतेक ससे खाण्यापायीच आजारी पडतात. लोक त्यांना पाव घालतात, दाणे घालतात, गाजरांवर गाजरं घालतात. डॉक्टरबाई म्हणतात, सशाचं खरं अन्न एकच, वाळलेलं गवत, दिवसभर, हवं तेवढं. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, ते गवत चावूनच झिजतात. आणि पोट एकदा थांबलं की ससा दोन दिवससुद्धा काढत नाही. आपण आपल्या सशाला काय घालत होतो, तर भाजीचे देठ! हे ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशी तो चिरायच्या टेबलावर जाणार होता. तिथून मी त्याला उचलून आणला. वाचवून आणायचं आणि मग उरलंसुरलं खायला घालायचं, याला वाचवणं म्हणत नाहीत.

तर एवढं कर. चाऱ्याच्या बाजारात जाऊन जितक्या प्रकारचं वाळलेलं गवत मिळेल त्यातलं चिमूट चिमूट घे, वेगवेगळ्या कागदात बांध, वर नाव आणि महाग की स्वस्त ते लिही, आणि पाकिटात घालून पाठव. मी इथे डॉक्टरबाईंना दाखवून ठरवते. बाबांना बाजारात पाठवू नकोस. त्यांच्या छातीत गवताची धूळ बसली आहे म्हणून तर डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी वखार सोडायला लावली, पुन्हा धुळीत जायचं नाही म्हणून बजावलंय. आणि त्यांना विचारूही नकोस. तीस वर्षं त्यांनी चाऱ्याचे गठ्ठे उचलले, त्यांना गठ्ठ्याचं वजन कळतं. सशाचं पोट ही वेगळी गोष्ट आहे.

तुझी,
नणंद


१८ नोव्हेंबर

वन्सं,

पत्र पोचलं. दोन पानं ससा आणि तीन ओळी बाबा, म्हणजे तुमची तब्येत ठीक आहे असं धरते.

सोबत चार पुड्या आहेत. पहिली लसूणघास. हिरवीगार, पानं बघून मलाच खावीशी वाटली. दुसरी पेंढा, सगळ्यात स्वस्त, सोन्यासारखा दिसतो आणि चवीला म्हणे पुठ्ठा. तिसरी लांब काडीचं गवत. घोडेवाले नेतात, वास छान, पण विकणाऱ्याचा तोराही घोड्यासारखाच. चौथी तेच गवत, पण वखारीच्या तळाचं, गठ्ठे फुटून उरलेलं. भाव तिसऱ्याच्या निम्म्याहून कमी. पुडी उघडताना तोंड बाजूला करा, मी केलं नव्हतं.

तुम्ही ज्यांना विचारू नकोस म्हणालात त्यांना मी विचारलं नाही. पण पोस्टमन दिसला की ते दारात येऊन बसतात, आणि तुमचं पत्र मोठ्याने वाचायचं असा या घरचा नियम आहे. वाचताना ओळी गाळायची मला सवय नाही. ‘सशाचं पोट ही वेगळी गोष्ट आहे’ इथपर्यंत सगळं वाचलं. बाबा म्हणाले, "बरोबर आहे तिचं." मग चारही पुड्या हातावर घेऊन बसले. काडी मोडून बघितली, हुंगून बघितली, आणि तिसरी पुडी माझ्यापुढे सरकवली. बोलले काहीच नाहीत. म्हणजे मी विचारलेलं नाही आणि त्यांनी सांगितलेलं नाही.

तुमच्या दादाने सशाचं नाव ‘पदवीधर’ ठेवलंय. तुम्ही निकालाच्याच दिवशी दोन्ही घरी घेऊन आलात म्हणून. आता गल्लीत सगळे विचारतात, पदवीधर काय करतो? मी सांगते, बसून खातो.

वहिनी


२७ नोव्हेंबर

वहिनी,

पुड्या मिळाल्या. वाटेत एकही फुटली नव्हती, त्याबद्दल तुला शाबासकी.

बाईंनी प्रत्येक काडी उजेडात धरून बघितली. लसूणघास पिल्लांना चालते, मोठ्या सशाला नाही. तिच्यात चुना जास्त, लघवी दाट होते, खडे होतात. पेंढ्यात काही नसतं, तो अंथरायला. उरलं लांब काडीचं गवत. तेच योग्य. पण मी विचार केला, आपण तो भाव दर महिन्याला देऊ शकू का? दादाची गॅरेजची कमाई मला माहीत आहे. चौथं गवत मुळात तेच आहे, फक्त धूळ जास्त. धूळ काढता येते. म्हणून चौथं घ्यायचं मी ठरवलं आहे. गरिबाघरच्या प्राण्यालाही योग्य अन्न मिळू शकतं, फक्त माणसाने थोडे कष्ट घ्यायला हवेत, हे मला दाखवून द्यायचंय.

आता नीट वाच. गवत मूठमूठ घेऊन वीस वेळा झटकून द्यावं. सशाजवळ झटकू नये, त्याचं नाक फार नाजूक असतं. त्याला समोरच्या खोलीत खिडकीखाली ठेव, तिथे वारा खेळता राहतो. गवताच्या गोण्या ओल नसलेल्या जागी हव्यात, आपल्याकडे तशी मागचीच खोली आहे. झटकायचंही तिथेच, दार लावून.

बाबांबद्दलचा भाग तू मोठ्याने वाचायला नको होतास. पण वाचलास ते एका अर्थी बरंच झालं. आपल्या घरात खरं बोलायची सवय कुणालाच नाही, ती कुठून तरी लागायला हवी.

तुझी,
नणंद


१२ डिसेंबर

वन्सं,

सगळं तुमच्या लिहिण्याप्रमाणे झालं. खिडकीखाली बाबांची खाट होती हे तुमच्या लक्षात असेलच. एका खिडकीखाली दोघं मावेनात, तेव्हा खाट मागच्या खोलीत गेली आणि पदवीधर वाऱ्याला बसला. गोण्या तीन आल्या. मागच्या खोलीत खाट टाकल्यावर दुसरीकडे जागाच नाही, म्हणून त्या खाटेखाली आहेत.

झटकायला मीच बसणार होते. पण शर्टांच्या काजांचं काम सध्या ढिगाने येतंय, आणि गवताचे हात कापडाला लागले तर माल परत येतो. बाबा म्हणाले, "दे इकडे, माझे हात रिकामेच आहेत." जुनं धोतर जमिनीवर पसरून बसतात. काडी काडी निवडतात, जाड वेगळी, बारीक वेगळी, तुरे वेगळे. दार लावून. वीस वेळा म्हणजे वीस, मोठ्याने मोजतात. पहिल्या दिवशी तुमचा दादा म्हणाला, "बाबा, खोकला येईल, राहू द्या." तर म्हणतात, "तिने एवढं पानभर लिहिलंय ते उगाच का?"

एक म्हणाले, की वखारीत फार धूळ असली की आम्ही चाऱ्यावर पाण्याचा हात मारायचो, धूळ बसते आणि जनावर आवडीने खातं. करू का तसं, असं तुम्हाला विचारायला सांगितलंय. त्यांनी विचारलंय हं, मी नाही.

खोकला आहे. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सविस्तर लिहीत नाही.

वहिनी


२० डिसेंबर

वहिनी,

तुझं पत्र मी खोलीतल्या दोघींना वाचून दाखवलं. बाबा जमिनीवर बसून काड्या निवडतायत हे डोळ्यांपुढे आलं आणि मला भरून आलं. वखार सुटल्यापासून ते नुसते बसून होते. आता त्यांच्या कष्टांना अर्थ आला आहे. दोघीही म्हणाल्या, तुझे वडील ग्रेट आहेत.

धुळीचं म्हणशील तर तोंडाला फडकं बांधायला सांग, साधं सुती. आमच्याकडे पिंजरे साफ करणारे तसंच करतात.

पाणी मात्र नाही. एक थेंब नाही. ओलं गवत आतून तापतं, त्याला बुरशी धरते, आणि बुरशीचं गवत खाल्लं की सशाचं पोट फुगतं. वखारीतल्या युक्त्या गाईम्हशींच्या चार पोटांसाठी ठीक आहेत. बाबांना समजावून सांग, दुखवू नकोस.

आणखी एक. तो शिंकतो का? दिवसातून किती वेळा, ते आठवडाभर लिहून ठेव. शिंकत असेल तर वीस वेळा झटकणं पुरत नाही असा अर्थ. मग चाळीस करा.

तुझी,
नणंद


९ जानेवारी

वन्सं,

शिंका मोजल्या. काजं करता करता सशाच्या शिंका मोजणारी या गल्लीत मी एकटीच असेन. पहिल्या आठवड्यात दिवसाला पाच-सहा. बाबांना सांगितलं, चाळीस वेळा. त्यांनी चाळीस केलं. दुसऱ्या आठवड्यात एकही नाही. पदवीधर ठणठणीत आहे, मानेखाली वळ्या पडायला लागल्यात.

आता ज्याच्या शिंका मोजायला तुम्ही सांगितलं नाही त्याचं लिहिते. फडकं बांधलं की त्यांना श्वास पुरत नाही, म्हणून ते खाली ओढून ठेवतात. चाळीस एका दमात होत नाहीत. दहा झाले की भिंतीला टेकतात, मग पुढचे दहा. गेल्या महिन्यात दोन उशा लागायच्या, आता आडवं झोपताच येत नाही, बसून डोळा लागतो तेवढाच. बोलतात ते अर्धं. "चहा" म्हणतात, "दे" पुढच्या श्वासाला येतं. ओठांचा रंग मला आवडत नाही.

दादा तुम्हाला लिहिणार होता. बाबांनी त्याला शपथ घातली, तिचं शिकाऊपण संपायची परीक्षा आहे, तिला काही कळवायचं नाही. मलाही घातली. पण खरं बोलायची सवय लागायला हवी असं तुम्हीच म्हणालात, तेव्हा म्हटलं सुरुवात करावी.

त्यांना मी दोनदा म्हटलं, बंद करा. म्हणतात, तिचं पत्र येऊ दे. तेव्हा आता तुम्ही सांगाल तसं. लवकर सांगा.

वहिनी


१ फेब्रुवारी

वहिनी,

उशीर झाला, रागावू नकोस. परीक्षा झाली आणि मी पहिली आले! आज गावोगावच्या लसीकरण शिबिराला निघतोय, गाडी खाली उभी आहे, म्हणून घाईत.

शिंका पूर्ण थांबल्या हे वाचून मी अक्षरशः उडी मारली. बाईंना तुझी आठवड्याची नोंद दाखवली. त्या म्हणाल्या, इतकी काटेकोर नोंद त्यांच्या शिकलेल्या गिऱ्हाइकांनीही कधी ठेवली नाही. आता त्या सशांच्या आहारावर एक पत्रक छापणार आहेत, आणि स्वस्त गवत कसं निवडावं, कसं स्वच्छ करावं, हा भाग मी लिहिणार आहे. खाली माझं नाव येईल. आपल्या घरातलं पहिलं छापील नाव!

त्याच बोलण्यात एक चूक कळली. बाई म्हणाल्या, फार धूळ असेल तर देण्याआधी थोडं पाणी शिंपडायचं, तासाभरात खाऊन संपलं तर बुरशीचा प्रश्नच नाही, उरलेलं काढून टाकायचं. सगळीकडे असंच करतात म्हणे. तेव्हा आता झटकणं बंद आणि शिंपडणं सुरू. मला अमुक एक माहीत नव्हतं हे कबूल करायला मला लाज वाटत नाही, शास्त्र असंच पुढे जातं.

त्याचं वजन करून कळव. मानेखालच्या वळ्या मला चांगलं लक्षण वाटत नाही, गवताखेरीज काही घालत नाही ना?

बाकीचं पुढच्या पत्रात सविस्तर. हॉर्न वाजवतायत.

तुझी,
नणंद


१९ फेब्रुवारी

वन्सं,

बाबा अकरा तारखेला सकाळी गेले. दादाने हॉस्टेलवर फोन केला होता, तुम्ही शिबिराहून परतला नव्हता. वॉर्डनबाई निरोप घ्यायला तयार होत्या. पण असला निरोप दुसऱ्याच्या टेबलावर ठेवायचा नसतो, म्हणून त्याने ठेवला नाही. सगळं आटोपलं आहे. धावत यायची गरज नाही.

चार तारखेला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि विचारलं, वखार सोडून दोन वर्षं झाली म्हणता, मग ही ताजी धूळ कुठून? मी सांगितलं, खाटेखालून. त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे.

तुम्ही आता मनात म्हणत असाल, वहिनी समोर होती, वहिनीने काय केलं? तर ऐका. मी थांबवू शकले असते. तीन गोण्या होत्या. उचलून दाराबाहेर टाकायला मला दोन मिनिटं लागली नसती. टाकल्या नाहीत. तुमचं पत्र आलं की ते जसं कान देऊन ऐकत बसायचे तसं त्यांनी या घरात माझं काही कधी ऐकलं नाही. सहा वर्षं मी त्यांचं करत होते, आणि तुम्ही एका पोस्टाच्या पाकिटात त्यांना उठवलंत, बसवलंत, चाळीसपर्यंत मोजायला लावलंत. म्हटलं, बघू या, तुम्हाला कधी दिसतं ते. मी वाट बघत बसले. एवढं माझं. ते मी कुणाला वाटून देणार नाही.

त्यांनी तुमची आठवण काढली का, असं विचाराल. नाही काढली. ससा खातोय का, एवढंच विचारलं.

खातोय. वजन केलेलं नाही.

वहिनी


२४ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र तुझ्या गॅरेजच्या पत्त्यावर पाठवते आहे.

वहिनीचं पत्र काल मिळालं. मी तीन वेळा वाचलं. मी फडकं बांधायला सांगितलं होतं. बाजारात पाठवू नका म्हणाले होते. मी मुद्दाम काही केलं नाही, हे तुला माहीत आहे ना? तिचं नऊ जानेवारीचं पत्र आलं तेव्हा परीक्षा चार दिवसांवर होती. ते पत्र वाचून मी घाबरले, आणि घाबरले म्हणून त्या भागाचं उत्तर पुढे ढकललं. शिंकांचं उत्तर मला येत होतं. बाबांचं येत नव्हतं.

पत्रकात माझं नाव घालू नका असं मी बाईंना सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, मला सांगता आलं नाही. ते आधीच छापून आलंय, नावासकट.

मी पंधरा मार्चला निघते, त्याआधी रजा मिळत नाही. त्याआधी एकच सांग. तू शेवटपर्यंत जवळ होतास. त्यांनी माझं नाव खरंच घेतलं नाही, फक्त सशाचं विचारलं?

चिमी


३ मार्च

चिमे,

मला लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घे.

तुझ्या वहिनीने खोटं लिहिलंय. बाबांनी सशाचं नाव एकदाही काढलं नाही. तुझंच काढत होते. नर्सला सांगत होते, माझी मुलगी शिकलेली आहे, तिचं पत्र येईल, त्यात असेल काय करायचं ते. मी म्हणायचो, बाबा, ती जनावरांकडे आहे. म्हणायचे, फुप्फुस म्हणजे फुप्फुस.

नाकाला नळी होती. चार दिवस त्यांनी वाट बघितली. रोज मी गॅरेजवरून आलो की माझ्या हातांकडे बघायचे.

आठ तारखेला पत्र आलं. मी ते न फोडता दवाखान्यात घेऊन गेलो, त्यांच्यासमोर फोडलं. म्हणाले, वाच. पहिली ओळ वाचली, तू पहिली आलीस. हसले. मग पुढे शिंका. मी वाचता वाचता डोळ्यांनी खाली शोधत होतो, त्यांच्याबद्दल कुठे आहे. मधलं पान बघितलं, शेवट बघितला. बाबा हा शब्द कुठेच नव्हता. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणून थांबताही येईना.

मग मी माझ्या मनचं वाचलं. बाबा, तुम्ही काळजी करू नका, मी इथल्या मोठ्या डॉक्टरांना विचारलंय, औषध आहे, मी घेऊन येते, तोवर हळूहळू श्वास घ्या. आणखीही काहीबाही. बरंच मोठं झालं. ते डोळे मिटून ऐकत होते. नळीचा आवाजसुद्धा कमी झाल्यासारखा वाटला मला.

संपल्यावर म्हणाले, "पुन्हा वाच."

मी पुन्हा पान धरलं, आणि मघाशी काय वाचलं होतं ते मला आठवेना. काही तरी वेगळंच बोललो. औषध म्हणायचं ते राहिलं. मध्येच अडलो, पान उलटलं, परत उलटलं. डोळे उघडून त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांना वाचता येत नव्हतं हे तुला माहीत आहे. तरी बराच वेळ ते त्या कागदाकडे बघत होते. मग घडी घालून माझ्याकडे परत दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर तीन दिवस होते, पण त्यांनी कुणाला काही विचारलं नाही.

तुझा,
दादा